बावन्न सेकंद

घड्याळकाकांनी तो व्हिडिओ तिसऱ्यांदा सुरुवातीला नेला, स्टॉपवॉचच्या बटणावर अंगठा ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे लावून बसले. घड्याळ त्यांच्या घरातलं नव्हतं. ते व्हिडिओतल्या सभागृहात होतं, सत्तावीस वर्षांपूर्वीच्या, रंगमंचाच्या बाजूच्या भिंतीवर. गोल, पांढरं, लाल सेकंदकाट्याचं. आणि त्याच्या बरोबर खाली ड्रमर वाजवत होता.

पहिला ठोका पडला तेव्हा घड्याळात नऊ वाजून चौदा मिनिटं आणि दहा सेकंद झाले होते. शेवटची झांज विरली तेव्हा नऊ पस्तीस. म्हणजे वीस मिनिटं पन्नास सेकंद. तिन्ही वेळा तेच.

काकांच्या वहीत याच रात्रीचा, याच रचनेचा आकडा होता एकवीस मिनिटं बेचाळीस सेकंद. नुसता वहीत असता तर गोष्ट वेगळी. तो आकडा या बँडच्या प्रत्येक चाहत्याला तोंडपाठ होता.

सकाळचे साडेदहा वाजले होते. संध्याकाळी पाचला बँडच्या जुन्या कार्यक्रमांच्या संचासोबतची पुस्तिका छपाईला जाणार होती आणि त्या पुस्तिकेत काकांनी लिहिलेली चाळीस पानं होती.

घड्याळकाका पेशानं लिफ्टचे मेकॅनिक. तीस वर्षं एकाच कंपनीत. पहिल्याच दिवशी वरिष्ठ मिस्त्रीनं त्यांच्या हातात स्टॉपवॉच ठेवलं होतं आणि सांगितलं होतं, "दरवाजा सात सेकंदांत बंद झाला पाहिजे. सहात झाला तर माणूस चेमटेल, आठात झाला तर माणूस शिव्या घालेल." तेव्हापासून ते स्टॉपवॉच खिशातून खाली उतरलं नाही. दूध उतू जायला किती वेळ लागतो, शेजारच्याची शिंक किती लांबते, सासूबाई फोनवर 'बरं ठेवते' म्हणाल्यापासून खरंच ठेवेपर्यंत किती मिनिटं जातात, सगळं त्यांनी कधी ना कधी मोजलेलं होतं. "लग्नात अंतरपाट किती सेकंद धरला होता, तेसुद्धा विचारा यांना," बायको पाहुण्यांना सांगायची. पाहुणे हसायचे आणि काका खरोखर सांगायचे.

अशा माणसाला संगीताचा नाद लागला तोही मोजण्याजोग्याच संगीताचा. तो बँड अवकाशातल्या प्रवासासारखं वाजवायचा. एकेक रचना वीस-वीस मिनिटांची, गिटारी आणि सिंथचे आवाज लांबून येऊन लांब जाणारे आणि खाली ड्रमचा एकच ठेका, न थांबता, इंजिनासारखा. चाहते बँडला 'यान' म्हणत आणि गिटार वाजवणाऱ्या म्होरक्याला 'कप्तान'. काकांना सूर-तालातलं फारसं कळत नव्हतं, पण इंजिन कळत होतं. कार्यक्रमांच्या टेपा ऐकून ते त्यांची परीक्षणं लिहू लागले. कुठली रचना किती मिनिटं चालली, कुठे वेग वाढला, कुठे माइक खरखरला, कुठे प्रेक्षक आधीच टाळ्या वाजवून बसले. बाकीचे चाहते 'अप्रतिम', 'अलौकिक' असलं काहीबाही लिहायचे. काका आकडे लिहायचे. म्हणून लोक काकांचं वाचायचे.

इंटरनेट घरोघरी यायच्या आधीची ही गोष्ट. चाहत्यांची एक साखळी होती. कुणी सभागृहात चोरून टेप केली की मूळ टेप आधी काकांकडे यायची, कारण त्यांच्या प्रती सगळ्यांत स्वच्छ निघत. काका आपल्या डेकवर ती वाजवून दुसऱ्या डेकवर प्रती काढायचे, परीक्षण लिहायचे आणि प्रती साखळीत सोडायचे. मूळ टेप मालकाला परत. साखळीचं टपाल आणि छोटंसं मासिक सांभाळणाऱ्या मित्राला सगळे 'पोस्टमास्तर' म्हणत. पोस्टात त्यानं एक दिवसही नोकरी केली नव्हती. तो शाळेत भूगोल शिकवायचा.

सत्तावीस वर्षांपूर्वी त्या मासिकात काकांनी एक परीक्षण लिहिलं. यानाच्या दौऱ्यातले पहिले नऊ कार्यक्रम झकास झाले होते. 'कक्षा' ही त्यांची सगळ्यांत लांब रचना, ती नऊही रात्री पावणेएकवीस मिनिटांच्या आसपास. शेवटच्या चार रात्री मात्र तीच रचना जवळपास मिनिटभर लांबली. सूरही खाली गेला होता, पण गिटारी उतरवून लावायची या बँडला सवयच होती, म्हणून काकांनी त्याची नोंद 'गिटारी उतरवलेल्या' अशी केली आणि पुढे गेले. निदान सरळ होतं. दौऱ्याच्या शेवटी ड्रमर दमला. शेवटच्या रात्रीचा आकडा देऊन त्यांनी खाली लिहिलं, 'यानाचं इंधन ड्रमरच्या मनगटात संपलं.'

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखादं वाक्य जमलं होतं. ते वाक्य चाहत्यांच्या तोंडी बसलं. दोन-अडीच महिन्यांनी कप्तानानं ड्रमरला काढलं. नवा ड्रमर आला. काकांनी लिहिलं, 'यानाला वेग परत मिळाला.'

आणि आता, इतक्या वर्षांनी, एका संगीत कंपनीनं त्या दौऱ्यातल्या पहिल्या नऊ रात्रींच्या रेकॉर्डिंगचा संच काढायचं ठरवलं होतं. शेवटच्या चार रात्री वगळल्या होत्या. का वगळल्या, ते पुस्तिकेत काकांनीच लिहिलं होतं. त्यांचं ते वाक्य मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत जाणार होतं.

व्हिडिओ आला होता ड्रमरच्या मुलीकडून. कपाटाच्या तळाशी आईचा जुना कॅमेरा सापडला, त्यातलं हे. खाली चार ओळी होत्या. 'आई विंगेत उभी राहून शूट करायची. तुम्हाला उपयोग झाला तर बघा. पुस्तिका आली की बाबांना दाखवणार आहे. ते आजही शहराच्या त्या टोकाला ड्रायव्हिंग स्कूल चालवतात, या विषयावर बोलत नाहीत. तुम्ही त्यांच्याबद्दल फार कडू लिहिलं नसेल, अशी आशा करते.'

काकांनी शेवटची ओळ दोनदा वाचली.

पहिल्यांदा त्यांनी तेच केलं जे कुणीही केलं असतं. घड्याळावर संशय घेतला. पण भिंतीवरचं घड्याळ दिवसाला दोन मिनिटं पुढे पळेल, एकवीस मिनिटांत बावन्न सेकंद मागे पडणार नाही. कॅमेऱ्यावर संशय घ्यावा तर लाल काटा आणि हातातलं स्टॉपवॉच बरोबरीनं चालत होते. मग उरलं कोण?

"अहो, नाश्ता गार झाला," बायको दारात येऊन म्हणाली. ती घरीच कपडे बेतून शिवायची. गळ्यात कायम मोजपट्टी, ओठांत टाचण्या. काकांचा चेहरा पाहून तिनं टाचण्या काढून उशीला टोचल्या. "काय झालं? कुणी गेलं का?"

"अगं, तो जुना डेक कुठाय?"

"माळ्यावर. दोन्ही. एक मेलेला आणि एक त्याच्यासाठी रडणारा." सुटे भाग मिळावेत म्हणून काकांनी पुढे त्याच मॉडेलचा एक बंद पडलेला डेक घेऊन ठेवला होता. तो घरात आला त्या दिवसापासून बायकोचा त्याच्यावर राग होता.

त्यांनी दोन्ही डेक जमिनीवर उघडले. मोटरच्या टोकाला नखाएवढी पुली असते, तिच्यावरून रबरी पट्टा जातो आणि त्यावर टेप फिरते. पुली बारीक झाली की टेप रेंगाळते. काकांच्या डेकमधली पुली पितळेची होती, चकचकीत. कंपनीची प्लॅस्टिकची पुली दौऱ्यातल्या नवव्या कार्यक्रमाच्या प्रती काढल्यावर तडकली होती. नवी मिळत नव्हती. काकांनी तुटक्या तुकड्यांचं माप घेतलं आणि वर्कशॉपच्या लेथवर जेवणाच्या सुट्टीत स्वतः पितळेची करून बसवली. तेव्हा ती त्यांनी चार जणांना दाखवली होती.

मापाचा व्हर्नियर लावला. नऊ पूर्णांक सहा मिलिमीटर.

मेलेल्या डेकमधली कंपनीची पुली. दहा.

चार दशांश मिलिमीटर. शंभराला चार. काकांनी कागदावर भागाकार मांडला, वीस मिनिटं पन्नास सेकंदांचा. उत्तर एकवीस बेचाळीस आलं. सेकंद इकडचा तिकडे नाही.

"पण मी तपासला होता," ते स्वतःशीच म्हणाले. "बसवल्याबरोबर तपासला होता. साठ सेकंद मोजून बोललो होतो टेपवर. परत वाजवली, बरोबर साठ."

बायको उंबऱ्यात बसून ऐकत होती. "कशावर वाजवली?"

"याच्यावर."

"आणि बोललात कशावर?"

काकांनी हातातला व्हर्नियर खाली ठेवला.

तिनं गळ्यातली मोजपट्टी काढली, दोन्ही हातांनी ताणून धरली. "ही जुनी झाली की ताणली जाते. गेल्या वर्षी जुन्या पट्टीनं मापं घेतली, टेबलावरच्या फूटपट्टीनं बेतलं आणि अख्ख्या कॉलेजच्या गणवेशांच्या कंबरा घट्ट झाल्या, आठवतं? मी ती पट्टी तिच्याशीच मोजली असती तर बरोबरच भरली असती हो. दुसऱ्या पट्टीशी लावली तेव्हा कळलं." तिनं पट्टी पुन्हा गळ्यात टाकली. "मी कंबरा उसवून दिल्या. तुम्ही काय उसवणार?"

साखळीतल्या प्रत्येकाकडे गेलेली प्रत त्या पुलीवरून गेली होती. म्हणून कुणालाच शंका आली नाही. साऱ्या चाहत्यांनी तो ड्रमर काकांच्या पितळेतून ऐकला होता. पुढच्या वर्षी काकांनी नवा डेक घेतला, त्यावर नवा ड्रमर ऐकला आणि लिहिलं, वेग परत मिळाला.

साडेबारा वाजता त्यांनी पोस्टमास्तरला फोन लावला. सगळं सांगितलं.

"आणखी कुणाला माहीत आहे?" पोस्टमास्तरनं विचारलं.

"बायकोला."

"वहिनी बोलणार नाहीत. आणि पोरीला?"

"तिला काय कळणार? तिनं नुसता आईचा व्हिडिओ म्हणून पाठवला."

"मग झालं तर. हे बघ, सत्तावीस वर्षं झाली. आता उकरून कुणाला काय मिळणार? त्या ड्रमरला ठेका परत मिळणार आहे का? आणि तुझं म्हणशील तर उद्यापासून लोक तुझी एकूण एक परीक्षणं फिरून तपासायला बसतील. सहाशे बारा! आयुष्याची मिळकत आहे ती. स्वतःच्या हातानं पाणी सोडणार का त्यावर?"

"सहाशे चौदा."

"बघ! मरायला टेकलास तरी आकडा सुधारतोयस." पोस्टमास्तर हसला नाही. "मासिकात छापलं मी होतं रे. कप्तानाला अंकही मीच पाठवला होता. पाठवला तेव्हा काय ऐट होती माझी." "तुझं तू ठरव. माझं नाव घालायचं असेल तर घाल. फक्त मला वाचून दाखवू नकोस."

दीड वाजता पुस्तिकेच्या संपादकबाईंचा नंबर लागला. त्या कामात बुडालेल्या होत्या, मागे कुणीतरी कसली तरी पानं मोजत होतं.

"सदतिसाव्या पानावरचा शेवटचा परिच्छेद बदलायचाय," काका म्हणाले.

"काका, पानं लागलीत."

"चुकीचं आहे ते."

"किती चुकीचं? स्वल्पविराम चुकीचा की माणूस चुकीचा?"

"माणूस."

"परिच्छेद अकरा ओळींचा आहे. अकरा काढा, अकरा द्या. बारावी आली तर सगळी पानं सरकतील आणि मी तुमच्या घरी येऊन बसेन. पाचच्या आत. आणि मागचं पान काल छापून झालं, ते विसरा."

"त्यावर ते वाक्य आहे."

"आहे. सुंदर आलंय."

काकांनी जेवणाच्या ताटासमोर बसून अकरा ओळी लिहिल्या. खोडल्या. पुन्हा लिहिल्या. प्रत्येक वेळी पंधरा-सोळा होत होत्या, कारण माफी लांबत जात होती. शेवटी त्यांनी कागद घडी करून खिशात घातला, व्हिडिओसोबत त्या मुलीनं पाठवलेला ड्रायव्हिंग स्कूलचा पत्ता पाहिला आणि पायात चपला सरकवल्या.

"पाठवून द्यायचं ना सरळ," बायको म्हणाली. "तिथे कशाला?"

"छापून आलेलं त्याला एकदा वाचावं लागलंय. दुसऱ्यांदा आधी सांगतो."

बसला पाऊण तास लागला. काकांनी तो मोजला नाही, हे उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक गाळा, एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि बाहेर उभी असलेली छोटी पांढरी गाडी. गाडीला टेकून एक उंच, वाकलेला म्हातारा उभा होता. केस पांढरे, पण खांदे तेच, व्हिडिओतले.

"तीनचे तुम्हीच ना?" म्हाताऱ्यानं विचारलं. "दहा मिनिटं उशीर. बसा."

"मी, म्हणजे, मला जरा—"

"सगळ्यांना जराच यायचं असतं. बसा, बसा. इकडून. स्टिअरिंगच्या बाजूनं."

काका बसले. खरं सांगायचा तो क्षण होता, आणि तो दरवाजा लावल्याच्या आवाजात गेला. काकांना गाडी चालवता येत नव्हती. आयुष्य उभ्या रस्त्यावर गेलेलं, आडव्याशी संबंध बसपुरता.

"सीट पुढे. आरसा. क्लच पूर्ण दाबा. पूर्ण म्हणजे पूर्ण, तो काही विंचू नाही. पहिला गिअर. आता सावकाश सोडा."

गाडीनं दोन उड्या मारल्या आणि चालू लागली. म्हाताऱ्याच्या पायाखाली त्याचा स्वतंत्र ब्रेक होता, तेवढाच काय तो जिवाला आधार. काकांचे तळहात स्टिअरिंगवर घसरत होते. रस्ता रुंद होता, तरी समोरून येणारं प्रत्येक वाहन आपल्याच अंगावर येतंय असं त्यांना वाटत होतं.

"श्वास घ्या," म्हातारा म्हणाला. "गाडीला हवा चालते, तुम्हालाही चालेल." त्याची दोन बोटं डॅशबोर्डवर हलकेच ठोका देत होती, सारखा, न थांबता. काकांनी तो ओळखला. 'कक्षा'.

पुढे सिग्नल लाल झाला. म्हाताऱ्यानं ब्रेक दाबला. गाडी थांबली.

"मी शिकायला आलो नाही," काका समोर पाहत म्हणाले. "मी तो परीक्षणवाला. घड्याळकाका म्हणतात. इंधनाचं वाक्य माझं."

बोटं थांबली.

"तुम्ही हळू वाजवलं नव्हतं. माझा डेक हळू होता. पुली मी केली होती, बारीक झाली. आज सकाळी कळलं. तुमच्या मुलीनं व्हिडिओ पाठवला, त्यात घड्याळ दिसतं. बावन्न सेकंद माझे होते. तुमचे नव्हते."

सिग्नलचा दिवा बदलला. मागून हॉर्न वाजला. मग दुसरा, तिसरा.

"हिरवा आहे," म्हातारा म्हणाला.

काकांनी क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. मागून कुणीतरी खिडकीतून काहीतरी ओरडलं. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा म्हाताऱ्यानं त्यांच्या हातावर हात ठेवून गिअर टाकला.

"पुढे कडेला घ्या. त्या भिंतीपाशी. इंडिकेटर द्या, आपण सभ्य माणसं आहोत."

गाडी भिंतीपाशी लागली.

"मला माहीत होतं," म्हातारा शेवटी म्हणाला. "त्या रात्री उतरलो ना, तेव्हा बायकोला म्हटलं होतं, आज मुळीच हललो नाही. मग तुमचा अंक आला. कप्तानानं सरावाच्या खोलीत भिंतीला चिकटवला. मी म्हटलं, खोटं आहे. तो म्हणाला, हे मत नाही, आकडा आहे." त्यानं खिडकीची काच खाली केली. "मत असतं तर भांडलो असतो. आकड्याशी काय भांडणार? मग मी वाजवताना स्वतःला मोजायला लागलो. आणि ड्रमर मोजायला लागला की संपला. महिन्याभरात खरंच मागे पडायला लागलो. म्हणजे तुमचं खरंच ठरलं म्हणा. फक्त थोडं उशिरा."

"मी... तुम्हाला मी काढलं—"

"काढलं कप्तानानं. चिठ्ठी तुमची होती." म्हातारा त्यांच्याकडे वळला. "लिहिलंय काही? तुम्ही न लिहिता कुठे जाणारे नाही."

काकांनी कागद काढला. म्हाताऱ्यानं चष्मा लावून वाचला. कागदाच्या वरच्या बाजूला अंत:करणापासून, खेद, शब्द अपुरे, असं बरंच काही होतं.

"पहिल्या पाच ओळी रडगाणं. काढा."

"पण माफी तर—"

"माफी मला मागायची तर मी इथे बसलोय. लोकांना आकडे सांगा. लोकांनी तुमच्या वाक्यावर नव्हता हो विश्वास ठेवला, आकड्यावर ठेवला होता."

साडेचार वाजले होते. गाडीत बसून, मांडीवर वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक घेऊन काकांनी पुन्हा लिहिलं. मग संपादकबाईंना फोन लावला आणि एकेक ओळ सांगत गेले.

"शेवटच्या चार कार्यक्रमांच्या प्रती मी माझ्या डेकवरून काढल्या. त्या डेकची पुली मी स्वतः बनवली होती. ती दहा मिलिमीटरची हवी होती, नऊ पूर्णांक सहा दशांशची झाली. त्यामुळे टेप शंभराला चार या हिशेबानं हळू फिरली आणि सूरही त्यामुळेच उतरला. डेक मी तपासला, पण त्याच डेकवर तपासला. शेवटच्या रात्री 'कक्षा' वीस मिनिटं पन्नास सेकंद वाजली, बाकी रात्रींइतकीच. नवा ड्रमर वेगवान वाटला तोही याच पुलीमुळे. ड्रमर मंदावला नव्हता. या पुस्तिकेच्या मागच्या पानावरचं माझं वाक्य चुकीचं आहे. शेवटच्या चार रात्री वगळण्याचं कारणही चुकीचं आहे."

पलीकडे टाइप करण्याचा आवाज थांबला. "साडेदहा ओळी," बाई म्हणाल्या. "काका, पाठीवर तुमचं वाक्य आणि पोटात तुम्हीच म्हणताय ते चूक. लोक वेड्यात काढतील तुम्हाला."

"काढू देत."

"आणि हे कप्तानांना विचारल्याशिवाय मला छापता येणार नाही. थांबा."

फोनवर कसलंसं संगीत वाजू लागलं. चार सत्तेचाळीस. म्हातारा समोरच्या भिंतीकडे पाहत होता. चार एक्कावन्न. काकांनी आयुष्यात बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या कितीतरी लोकांना बाहेर काढलं होतं. आत बसून वाट पाहणाऱ्याला चार मिनिटं केवढी वाटतात, ते आज कळलं. कप्तान 'नाही' म्हणाला तर? काही करता येणार नव्हतं. पुस्तिका जुन्याच ओळींनिशी जाणार आणि ती मुलगी बापाच्या हातात ठेवणार.

चार त्रेपन्नला बाई परत आल्या. "कप्तानांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, आकडा पक्का आहे का?"

"पक्का आहे," काका म्हणाले. "दोन पुल्या, एक घड्याळ. तिन्ही माझ्याकडे आहेत."

"मग छापा म्हणाले. अर्धी ओळ उरतेय. काही घालायचंय?"

काकांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्यानं होकारार्थी मान हलवली.

"चूक माझी," काका म्हणाले. "एवढंच घाला."

फोन ठेवल्यावर म्हाताऱ्याच्या नाकातून एक हुंकार निघाला. "अजून आकड्यावरच चालतोय कप्तान." मग त्यानं सीटबेल्ट ओढून घेतला. "चला. इथून स्कूल बारा मिनिटं. परत तुम्हीच नेणार आहात. माझा तीनचा विद्यार्थी तुमच्यापायी गेला."

"मला जमणार नाही."

"जमेल. आणि ते घड्याळ लावा. खिशात हात घालून बसलात मघापासून, मला दिसतंय. बारा मिनिटं झाली की मी सांगतो. माझ्या हातात घड्याळ नाही, बघून घ्या."

काकांनी बटण दाबलं आणि स्टॉपवॉच दोघांच्या मध्ये, उलटं ठेवलं. गाडी निघाली. या वेळी एकच उडी. म्हाताऱ्याची बोटं पुन्हा डॅशबोर्डवर पडू लागली. तो 'डावीकडे', 'सावकाश', 'त्या सायकलवाल्याला जगू द्या' असं मध्ये मध्ये सांगत होता, पण ठेका तुटत नव्हता. दोन सिग्नल लागले, एका वळणावर गाडी बंद पडली, तरी तुटला नाही. गाळ्याची पाटी दिसू लागली तशी बोटं थांबली.

"झाली बारा."

काकांनी गाडी थांबवून घड्याळ उलटलं. आकडा सांगावा की गिळावा, एक क्षण त्यांना कळेना.

"बोला की. दुसरं येतं काय तुम्हाला?"

"अकरा मिनिटं एक्कावन्न सेकंद."

"म्हणजे नऊ सेकंद आधी?" म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या. "पुढे पळालो?"

"पुढे पळालात."

म्हातारा हसला नाही, पण दार उघडून उतरताना खाली वाकला आणि त्या स्टॉपवॉचकडे बोट दाखवून म्हणाला, "आधी एक सांगा. हे कशावर तपासलंय?"

काकांनी स्टॉपवॉच उचलून पाहिलं. तीस वर्षांत त्यांनी सगळं जग त्या घड्याळाशी लावून पाहिलं होतं. ते घड्याळ मात्र तपासायचं म्हणून कशाशीच नाही.

"आत या," म्हातारा गाळ्याकडे चालत म्हणाला. "भिंतीवर एक आहे. लावून बघू."